सरजाबाईचे सरकारी ससे

"अजून एक फाडा, साहेब," सरजाबाई म्हणाली.

डॉक्टर पंचाक्षरींनी सुरी खाली ठेवली. फळीवर उताणा पडलेला पांढरा ससा त्यांनी नुकताच गळ्यापासून पोटापर्यंत उघडला होता. ससा कालचा मेलेला, रक्त गोठून काळं पडलेलं. फुप्फुसं साफ होती. आतडी फुगलेली नव्हती. कलेजीवर मात्र ज्वारीच्या कणीएवढे तीन पांढरे ठिपके होते, आणि सगळं घोडं त्या तीन ठिपक्यांपाशी अडलं होतं.

असे ठिपके म्हणजे कॉक्सिडिया. एका सशाचा दुसऱ्याला लागणारा रोग. तसं कागदावर लिहिलं की उरलेले अठराच्या अठरा ससे मारायचे, चुना टाकून पुरायचे आणि सरजाबाईची ससेपालनाची सरकारी योजना बंद. दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. नवरा गेल्यावर रोजगार हमीवर खडी फोडून तिच्या हाताची सालटी निघाली होती. ससे मिळाले तेव्हा कुठं ती खडी सुटली. ते गेले तर पुन्हा हातोडा, दुसरं काय!

लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं. नवा जिल्हा, म्हणून नव्या योजना, आणि त्यातलीच ही एक. सरकारचंही कसं असतं बघा, कानावर नंबर गोंदलेला ससा मेला की त्याला फाडून, कारण लिहून, शिक्का मारल्याशिवाय मातीत घालायची सोय नाही. आठ दिवसांत तीन ससे गेले, तसा सरजाबाईनं निरोप धाडला, आणि शिरूरच्या पुढच्या या वाडीत भर उन्हात जीप येऊन उभी राहिली.

"कशाला फाडून राहिले अजून?" किशनराव बाजेवरून म्हणाले. शेजारचं रान त्यांचं. न बोलावता येऊन बसले होते. "समदे जाळून टाका. उद्या मह्या म्हशींला लागलं म्हंजे?"

"सशाचा हा रोग म्हशीला लागत नाही, किशनराव."

"लागू द्या न्हाईतर नका लागू. साथ हाय म्हणून लिवा अन् मोकळे व्हा की! काहून जिवाला ताप करून घेता?"

खरं सांगायचं तर डॉक्टरांनाही तेच सोपं वाटत होतं. ऊन मी म्हणत होतं, पोटात सकाळपासून काही नव्हतं. पण तीन ठिपक्यांनी ससा मरत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कारण सापडलं नाही असं लिहावं, तर वरचे साहेब चामडी सोलणार. त्यांनी पेनचं टोपण काढलं.

"साहेब, थांबा." सरजाबाई पिंजऱ्यापाशी गेली आणि दोन्ही हातांवर एक ससा घेऊन आली. "ह्यो आत्ता गेला. अंग गरम हाय अजून. येवढा एक बघा, मंग काय लिवायचं ते लिवा."

डॉक्टरांना तिची कीव आली. बाई बुडताना काडी धरून राहिलीय, असं त्यांना वाटलं. तिचं मन राखायचं म्हणून त्यांनी तो ससा फळीवर घेतला, आणि हात तिथंच थांबला. या सशांचे कान आतून गुलाबी असतात. याचे निळे पडले होते. ओठही निळे.

सुरी फिरली आणि रक्त आलं. ते लाल नव्हतं, काकवीसारखं तपकिरी होतं.

परभणीला कॉलेजात असताना असं रक्त त्यांनी एकदाच पाहिलं होतं, खताचं पोतं चाटून मेलेल्या गाईचं.

"पाणी कुठलं पाजता?"

"टँकरचं."

"सरजाबाई, खरं सांगा. मेलेले चारही ससे एकाच पिंजऱ्यातले ना?"

तिनं आधी किशनरावांकडं पाहिलं, मग डॉक्टरांकडं. "हाव. त्या पिंजऱ्याला आमच्या बौद्धवाड्यातल्या हिरीचं."

विहीर शंभर पावलांवर होती. तळाला गुडघाभर पाणी. वरच्या अंगाला किशनरावांचा भला थोरला उकिरडा आणि खताची खोली. डॉक्टरांनी बाटली भरून घेतली. मागं वळून पाहिलं, तर किशनराव कधीच घराकडं निघाले होते.

जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून डॉक्टरांनी लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. रोग संसर्गाचा नाही. मृत्यू खतातून विहिरीच्या पाण्यात झिरपलेल्या नायट्रेटच्या विषबाधेनं. विहिरीचं पाणी माणसानं वा जनावरानं पिऊ नये, ती ताबडतोब बंद करावी, वस्तीला रोज टँकर द्यावा. खाली सही केली आणि दणकून शिक्का मारला.

"आज एक प्रत कलेक्टर साहेबांकडं जाईल. ही तुमची. तुमचे ससे वाचले, बाई!"

सरजाबाईनं कागद घेतला. "पुन्यांदा वाचा एकडाव. हिरीचं तेवढं."

डॉक्टरांनी वाचलं. ती ऐकता ऐकता मटकन खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. डॉक्टरांना भरून आलं, आणि थोडा रागही आला.

"अहो, मघाशी खोटं कशाला बोललात? मी ठिपक्यांवर सही करून गेलो असतो म्हणजे?"

"मह्या तोंडून आधी आलं असतं, तर किशनरावांनी तुमाला हिरीकडं फिरकू दिलं नसतं. तुमच्या सुरीनं दाखवलं, तवा गप बसले."

"पण टँकरचं पाणी घरात असताना त्या चौघांना हे पाणी पाजलंच कशाला?"

सरजाबाईनं डोळे पुसले.

"वाड्यातल्या तीन बायांचं दूध आटलं व्हतं, साहेब. टँकर रोज येत न्हाई, म्हून ह्याच पान्यात पावडर कालवून लेकरांला पाजली. तिन्ही लेकरं निळी पडून गेली, त्यात मह्या लेकीची, पंचशीलाची बी पोरगी. समद्यांनी निमोनिया म्हणून सांगितलं. म्या दोन महिने पाया पडत फिरले, हिरीत बघायला एक मानूस आला न्हाई. मंग म्या कानावर सरकारी नंबर असलेले चार ससे निवडले."