ठमीची साक्ष

तपासणीवाल्या बाईंनी पेडणेकरांच्या फिशटँकवर बोलकी डबी चिकटवली. माशाच्या मनातलं ही डबी मराठीत सांगायची, आणि माशाने तक्रार केली की टँक जप्त व्हायचा. आत ठमी नावाची गोल्डफिश शेपटी हलवत फिरत होती.

"पाणी कसं आहे गं?" बाईंनी विचारलं.

"झकास!" डबीतून ठमी म्हणाली. "काका आधी दिवसभर बादलीत ठेवून क्लोरीन उडवतात, मगच ओततात. पातळी बोटभरसुद्धा खाली जाऊ देत नाहीत."

पेडणेकरांची छाती फुगली.

"आणि काका वागतात कसे तुझ्याशी?"

"मला रोज पाण्यात पाहतात."

बाईंचा चेहरा पडला. "बापरे! मुक्या जिवाचा इतका राग?"

"अहो बाई, मासा आहे तो!" पेडणेकर ओरडले. "पाण्यात नाही पाहणार, तर काय कपाटात पाहणार?"

"आवाज खाली! ठमी, आणखी कोण पाहतं असं?"

"कोणी नाही. काकू तर ढुंकूनसुद्धा बघत नाहीत."

बाईंनी तिथल्या तिथे टँक काकूंच्या नावावर केला. नऊ वर्षांत ठमीला एक दाणा न घातलेल्या नलूकाकू टीव्हीसमोरून उठल्या. "बघू तरी, कोण एवढी माझी गुणाची!" म्हणत त्यांनी काचेला नाक लावलं.

बाई दारात चपला घालत होत्या, तेवढ्यात डबी खणखणली, "अगंबाई! आता काकूपण मला पाण्यात पाहायला लागल्या!"

बाईंनी घातलेली चप्पल पुन्हा काढली.