पेशंटला बघितल्याशिवाय

"पेशंट कुठे आहेत?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"घरी. गोळ्यांची चिठ्ठी तेवढी हवी," धाकटी म्हणाली. "त्याच गोळ्या. वर्षानुवर्षं त्याच."

"पेशंटला बघितल्याशिवाय डॉक्टर चिठ्ठी देत नाहीत. नंबर लावते, त्यांनाच विचारा."

थोरल्या बहिणीच्या फिटच्या गोळ्या काल संपल्या होत्या आणि औषधवाला जुनी चिठ्ठी हातात धरायला तयार नव्हता. मागे एकदा असाच खंड पडला, तेव्हा थोरली न्हाणीघरात कोसळली आणि कमरेचं हाड मोडून बसली. तेव्हापासून दर महिन्याला तिला खुर्चीसकट जिना उतरवायचा. शेजारचे काका पुढे, त्यांचा भाऊ मागे, आणि मधे थोरली डोळे गच्च मिटून, "अगं, पाडतील गं मला!" आज ते दोघेही गावाला गेले होते.

थोरलीच्या नावाचा पुकारा झाला तशी धाकटी आत गेली. डॉक्टर कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसले होते.

"बसा आजी. मधे फिट आली होती?"

"डॉक्टर, मी तिची..."

"हो की नाही, एवढंच सांगा."

धाकटी खुर्चीत बसली. थोरली म्हणजे पिंजलेल्या कापसासारखे केस आणि हाडांचा सापळा. धाकटी चांगली गोलमटोल, स्वतःच्या पायांनी चालत आलेली. दर महिन्याला खुर्चीमागे उभी राहून ह्याच माणसाशी बोलणारी.

"नाही आली," ती म्हणाली.

"छान. आणि कंबर?"

"चालतेय की. आत्ता तुमच्यासमोरच चालत आले."

"वा! गोळ्या लागू पडताहेत."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी आवाज गोड ठेवून तिने विचारलं, "गोळी तीच आहे, तर दोन-तीन महिन्यांची चिठ्ठी एकदम का देत नाही? दर महिन्याला म्हाताऱ्या माणसाची वरात कशाला?"

"आजी, पेशंटला नीट तपासावं लागतं. न बघता औषध लिहून देणारे डॉक्टर वेगळे."

"तर हो. बघावं तर तुम्हीच!"

चिठ्ठी छापून बाहेर आली. धाकटीने ती ओढून घेतली, नाव वाचलं, गोळी वाचली, घडी घालून पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन लावली. मग ती उठली.

"पुढच्या महिन्यात या," डॉक्टर म्हणाले.

"मला नाही जमायचं. शेजारच्या काकांना पाठवते. त्यांना झुपकेदार मिशा आहेत, पण तुम्हाला काय, तुम्ही तपासालच."

"चालेल," पडद्यावरची नजर न काढता डॉक्टर म्हणाले. "फक्त उपाशीपोटी यायला सांगा."