डाळिंबांची तहान

रेवतीच्या हळदीत तिची आई, शेवंताबाई, तांब्यावर तांब्या पाणी पीत होत्या, तरी घसा कोरडाच.

"आई, आज तरी ती पट्टी काढ ना!" रेवती वैतागली.

मनगटावरची ती सेन्सरची पट्टी बागेतल्या डाळिंबांची तहान शेवंताबाईंच्या घशात उतरवायची. त्या मांडवातून बागेकडे धावत सुटल्या.

ठिबक सिंचनाचा फिल्टर गाळाने तुंबला होता. एकट्या शेवंताबाईंना त्याचं झाकण फिरवता येईना. तेवढ्यात मागोमाग आलेल्या रेवतीने हळदीने माखलेले हात लावले. दोघींनी जोर करून झाकण उघडलं, गाळ धुतला. झाडांच्या बुंध्याशी थेंब पडू लागले, तसा शेवंताबाईंचा घसा ओलावला.

"लहानपणी मला तहान लागली की तुला असंच कळायचं?" रेवतीने विचारलं.

"तू रडायचीस गं. ही झाडं कुठं रडतात?"