खिडकीची जागा

मामाच्या गावाला दोन एसट्या जायच्या. एक घाटातून झटकन पोचणारी आणि दुसरी लांबचा वळसा घालून अर्धा दिवस खाणारी. पण निवडीचा प्रश्नच नसायचा, कारण ताईला गाडी लागायची. म्हणून घाट नको, मागची सीट नको, निघताना चहा नको आणि खिडकी कायम तिलाच. "तुझ्यापायी मी या गाडीतच म्हातारी होणार, घाटातली दरी काही दिसायची नाही," असं सावनी दर सुट्टीत भांडायची.

यंदा लग्न होऊन ताई गुवाहाटीला गेली. सावनी पहिल्यांदाच एकटी निघाली. "मी घाटानंच जाणार," तिनं घरात ऐटीत जाहीर केलं.

गाडी फलाटावर येताच तिनं खिडकीतून रुमाल आत टाकला, गर्दीत मुसंडी मारून वर चढली आणि पुढची सीट पटकावली. तेवढ्यात एक काकू पिशवी सावरत आल्या.

"बाळा, खिडकीत कोणी आहे का?"

सावनीनं पाहिलं. ती स्वतः कडेला बसली होती आणि खिडकीच्या जागेवर रुमाल तसाच पडून होता.

"कोणी नाही. बसा ना," म्हणत तिनं तो उचलला.

घाटातल्या पहिल्या वळणांवरच काकूंनी पदर तोंडाला लावला. सावनीनं सवयीनं सॅकच्या कप्प्यातून लिंबू काढून दिलं.

"तुलाही लागते होय गं गाडी?"

"मला नाही. ताईला."

"मग ती कुठंय?"

"ती असती तर मी या गाडीत नसते," सावनी म्हणाली, आणि इतकी वर्षं जिच्यासाठी भांडली ती दरी न बघताच मागं पडली.