शुक्रवार, चार वाजून दहा मिनिटं

“आज बटण तू दाबायचं,” गुरुजी म्हणाले आणि स्वतःची खुर्ची तिच्यासाठी मागे ओढली.

शनिवार, सकाळचे दहा. रुग्णालयाच्या संगणक विभागात सात माणसं दाटीवाटीनं उभी होती. प्रमुख असलेल्या मोठ्या बाईंच्या हातातला चहा गार झाला होता. प्रयोगशाळेतले रिपोर्ट वॉर्डापर्यंत पोहोचवणारी मधली प्रणाली आज जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर न्यायची होती. ते काम अपग्रेड असिस्टंट नावाचं साधन करतं. डेटाचे कप्पे एकेक करून नव्या मांडणीत बसवतं, सेटिंग्ज बदलतं. मध्येच अडकलं तर मागे फिरता येत नाही. आधी घेतलेला बॅकअप असेल तरच निभाव लागतो.

तिला भरून आलं. गुरुजी तिचे वरिष्ठ. शिकवण्याची भारी हौस, म्हणून सगळेच त्यांना गुरुजी म्हणत. अकरा वर्षांपूर्वी ती इथे आली तेव्हा तिला सर्व्हर कुठून चालू करतात तेही ठाऊक नव्हतं. सगळं त्यांनीच शिकवलं. पुढच्या आठवड्यात विभागाचा उपप्रमुख ठरणार होता आणि यादीत दोनच नावं होती, त्यांचं आणि तिचं. तरी आजचा मान ते तिला देत होते. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस शोधून सापडायचा नाही, असं तिला वाटलं.

तिनं लॉगिन केलं. पडद्यावर दोन बटणं आली. एक तपासणीचं, एक अपग्रेडचं.

“तपासणी मी केलीये,” गुरुजी खांद्यावरून वाकून म्हणाले. “वेळ नको घालवूस. थेट अपग्रेड दाब.”

तिचा हात थबकला. ‘तपासणी केल्याशिवाय पुढे जायचं नाही, मी स्वतः सांगितलं तरी नाही,’ हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून घ्यायला लावलं होतं तिला, आणि तेही यांनीच. ती ते इतकं काटेकोर पाळायची की त्यांनीच तिचं नाव तपासनीस ठेवलं होतं.

“दोन मिनिटं लागतील फक्त,” ती हसून म्हणाली आणि तिनं तपासणीचं बटण दाबलं.

एकेक कप्पा हिरवा होत गेला. शेवटचा, जुन्या रिपोर्टांचा, लाल झाला. खाली ओळी उमटल्या. शुक्रवार, चार वाजून दहा मिनिटं: अपग्रेड सुरू. चार वाजून एकतीस: मध्येच थांबवलं. वापरकर्ता म्हणून तिचं नाव.

मागे उभी असलेली माणसं पडद्याजवळ सरकली.

“हे काय आहे?” मोठ्या बाईंनी कप टेबलावर ठेवला. “काल? कुणाला न विचारता?”

गुरुजींनी खोल सुस्कारा सोडला. “अगं पोरी, मला एका शब्दानं विचारायचंस तरी!” मग त्यांनी खिशातून एक छोटी डिस्क काढली. “घाबरू नका, बाई. मी काल साडेतीनलाच बॅकअप घेऊन ठेवलाय. तासाभरात सगळं पूर्ववत करतो.”

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. कुणीतरी गुरुजींची पाठ थोपटली. ती मात्र त्या डिस्ककडेच बघत राहिली. बॅकअप आज सकाळी घ्यायचा असं ठरलं होतं. काल साडेतीनला यांना त्याची गरज का पडली?

मग तिला एकामागून एक आठवत गेलं. दोन महिन्यांपूर्वी ती तापानं फणफणली होती, तेव्हा काम अडू नये म्हणून तिनं त्यांना फोनवर आपला पासवर्ड सांगितला होता आणि बरी झाल्यावरही तो बदलला नव्हता. यांच्यापासून काय लपवायचं! आणि काल दुपारी तेच तिच्या टेबलाशी आले होते. माझ्या आईला बरं नाही, जरा घरी जाऊन तिच्यापाशी बसशील का, इथलं मी बघतो. ती धावतच गेली होती. आजींनी तिच्याशी पत्त्यांचे तीन डाव मांडले आणि तिन्ही जिंकले. ती निघायला उठली की आजी तिचा हात धरून खाली बसवत. आजारी बाईच्या मुठीत एवढा जोर कुठून, असं तिच्या मनात आलंही होतं.

केसानं गळा कापला होता, आणि तोही मान देता देता.

“काल चार वाजता मी इथे नव्हते,” ती म्हणाली. “यांच्या घरी होते. यांच्या आईजवळ.”

“पाच मिनिटं टेकलीस आणि गेलीस, आई म्हणाली मला,” गुरुजी शांतपणे म्हणाले. तिच्या नजरेला नजर न देता.

तिनं फोन काढला.

“तिला कशाला त्रास? ती आजारी आहे,” गुरुजी पटकन म्हणाले. पण मोठ्या बाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. तिनं फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

“आजी, मी बोलतेय. काल मी तुमच्याकडून किती वाजता निघाले?”

“चांगले सव्वापाच वाजले होते की!” आजींचा आवाज खणखणीत होता. “हरलीस म्हणून पुन्हा डाव मांडायचाय वाटतं?”

“तसं नाही. तुमची तब्येत कशी आहे आता?”

“मला काय धाड भरलीये?” आजी हसल्या. “अगं, तू फार राबतेस, तुला जरा विसावा मिळू दे म्हणाला. पाचच्या आत पोरीला उठू देऊ नकोस, असं बजावूनच गेला होता माझा लेक. किती जीव आहे बघ त्याचा तुझ्यावर!”