झडतीत सापडलेली वही

"वहीसुद्धा इथेच ठेवावी लागेल, साहेब," सिक्युरिटीच्या बाई म्हणाल्या आणि समीक्षकाचं डोकंच फिरलं.

फोन त्यांनी आधीच पाकिटात घालून सील केला होता. पेन उघडून आत कॅमेरा नाही ना ते पाहिलं होतं, चष्म्याच्या काड्या चाचपल्या होत्या, दाढदुखीच्या गोळ्यांची डबीसुद्धा कानाशी हलवून झाली होती. कोणी सिनेमा चोरू नये म्हणून हे सगळं, हे त्याला ठाऊक होतं. या नियमांवर त्याने तीन लेख पाडले होते आणि कोणी ढिम्म हललं नव्हतं. पण वही? वहीत भरून कोण सिनेमा नेणार? त्याने आवाज चढवला, ओळखपत्र नाचवलं, तीस वर्षांचा अनुभव ऐकवला. बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पुढे केलेला हात काही मागे घेतला नाही.

एरवी तो तडक घरी गेला असता. पण आज त्याच्या लेकीने दिग्दर्शित केलेल्या पहिल्या सिनेमाचा खेळ होता. त्यावर लिहिणार दुसरंच कोणी होतं; लेकीच्या कामाचं परीक्षण बापाने करायचं नसतं, एवढं त्यालाही कळत होतं. तरी वही हवीच. वहीशिवाय त्याला काही बघताच येत नसे. लेक दुसरीत असताना शाळेच्या नाटकात झाड झाली होती, तेव्हाही त्याने अंधारात नोंद केली होती: झाड फार हलतं. वर घरी येऊन ती वाचूनही दाखवली. बायको आठवडाभर बोलली नाही. लेक तेव्हापासून त्याला आपलं काही दाखवायलाच बिचकू लागली. आज मात्र तिने स्वतः फोन करून "बाबा, येशील ना?" म्हणून विचारलं होतं. आजही आपण काहीतरी बोलून माती खाणार, याचीच त्याला धास्ती होती.

त्याने मुकाट्याने वही दिली.

पहिली दहा मिनिटं हात सारखा खिशाकडे जात होता. मग कॅमेरा कुठे ठेवलाय हे बघायचं राहूनच गेलं. पडद्यावरच्या म्हाताऱ्याने बायकोपासून कपाटात लपवलेली कोंबडी ऐन पाहुण्यांसमोर ओरडली, तेव्हा तो इतका खदाखदा हसला की पुढची रांग वळून बघू लागली. शेवटाकडे त्याने दोनदा चष्मा पुसला. दिवे लागले तेव्हा तो उभा राहून टाळ्या वाजवत होता.

दाराशी लेक बोटं मोडत उभी होती. कसा झालाय, तिने विचारलं. त्याच्याकडे सांगायला एकही मुद्दा नव्हता.

"ती कोंबडी ओरडली ना, तिथे मी मेलो हसून," एवढंच तो म्हणाला आणि त्याने तिला पोटाशी धरलं. ती हसतेय की रडतेय ते कळेना. दोघंही फार आनंदात होते.

वही घ्यायला तो टेबलाशी आला, तर शेजारून दुसऱ्या वर्तमानपत्राची समीक्षक वहीत खरडत बाहेर पडली. तिच्यामागून आणखी दोघं आले, त्यांच्याही हातात वह्या. तो पुन्हा तडकला. यांना कशा काय नेऊ दिल्या, त्याने बाईंना जाब विचारला.

बाईंनी त्याची वही अलगद पुढे सरकवली.

"वहीला बंदी नाहीच, साहेब. मॅडम म्हणाल्या होत्या, फक्त माझ्या बाबांची काढून घ्या."