खांबावर चढण्याआधी

"चढ ना वं आता," बाबाराव म्हणाले. "टेस्टर लावला, लाइन मेली आहे. अजून काय पाहून राहिली?"

दीक्षा खांबाच्या बुडाशी उकिडवी बसून लोखंडी खुंटी जमिनीत ठोकत होती. मे महिन्यातली दुपार. सक्करदऱ्याच्या त्या गल्लीतल्या शेवटच्या तीन घरांची वीज सकाळपासून गेली होती. खांबावरची जोडतार जळाली होती. बाबाराव जुने लाइनमन, दीक्षा दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या हाताखाली आलेली. आज ती पहिल्यांदाच एकटी वर चढणार होती.

"अर्थिंग लावतो काका. मंग चढतो."

"डीपीवरून मी सोता बंद केली लाइन."

"हो. तरीबी लावतो."

फाटकातून सिंधूताई धावत आल्या. आत त्यांचे यजमान ऑक्सिजनच्या मशीनवर होते. मशीन बंद पडली होती आणि जवळचं सिलिंडर संपत आलं होतं.

"पोरी, हात जोडतो तुले. अर्ध्या तासाचा ऑक्सिजन उरला त्याहिले. अन् तू खुंट्या काय ठोकत बसली?"

"दोन मिनिटं, काकू."

दीक्षानं खुंटीला तार जोडली, ओढून पाहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "तार घट्ट." मग त्याच तारेच्या दुसऱ्या टोकाचा, लांब दांड्यावर बसवलेला आकडा हलवून पाहिला. "आकडा घट्ट."

जमलेल्यांत कुणीतरी हसलं.

"'शून्यपार' पाहते ना ती," बाबाराव म्हणाले. "त्या सिनेमातली म्हातारी अशीच बडबडते."

खोटं नव्हतं. 'शून्यपार'चे सातही सिनेमे दीक्षाला पाठ होते. पहिला तिनं काटोलच्या घरी, नऊ वर्षांची असताना, हिंदीतून पाहिला होता. बाकी पोरांना त्यातला कप्तान आवडला. तिला आवडली ओर्ना, अंतराळयानाची मिस्तरीण. यानाबाहेर दुरुस्तीला निघण्याआधी ओर्ना प्रत्येक गाठीला हात लावायची, नाव घेऊन तपासायची. कप्तान घाई करायचा. ती म्हणायची, 'यान तुझं, हात माझे.' त्या बाईपायी दीक्षा आयटीआयला गेली. वर्गात चाळीस मुलगे आणि ती एकटी. तिथंही ती गाठी मोठ्यानंच तपासायची. पोरं नकला करून थकली, ती थांबली नाही.

"हे पाह्य," बाबाराव चिडले, "सिनेमात खोटं खोटं मरतात. इथं माणूस मरून राहिला. दे तो पट्टा, मीच चढतो."

दीक्षानं कमरेचा पट्टा घट्ट धरला.

"नाही काका. हे लावल्याबिगर कोणीच चढणार नाही. तुमीबी नाही."

तीस वर्षांच्या नोकरीत बाबारावांना असं कुणी म्हटलं नव्हतं. सिंधूताईंनी पदर तोंडाशी लावला.

मागच्या अंगणात काहीतरी धडधडू लागलं. कुणी लक्ष दिलं नाही. दीक्षानं दांडा उचलला, वर नेला आणि आकडा तारेला टेकवला.

फाडकन आवाज झाला. तारेवर निळा जाळ उठला. माणसं मागं पळाली. अंगणातली धडधड अडखळली आणि बंद पडली.

सिंधूताईंचा पुतण्या मोहित धावत बाहेर आला. "काकासाठी जनरेटर आणला होता. आत्ताच पिन सॉकेटात घातली, अन् बंदच पडला. काय झालं?"

मेन स्विच त्यानं पाडलाच नव्हता. जनरेटरची वीज घरातून उलटी खांबावर गेली होती आणि आकड्यातून जमिनीत उतरली होती.

बाबारावांनी वर तारेकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे.

"पिन काढ, मेन पाड," दीक्षा मोहितला म्हणाली. तेवढ्यावर ती विसंबली नाही. आत जाऊन पिन आणि मेन स्वतः पाहून आली. पुन्हा टेस्टर लावला. आकडा एकेका तारेला लावला. मग पट्टा आवळला, "पट्टा घट्ट" म्हणाली आणि चढली. या वेळी कुणी हसलं नाही. बाबाराव खांबाला पाठ लावून उभे राहिले आणि कुणालाही जवळ येऊ देईनात.

पंधरा मिनिटांत नवी तार बसली. दांडा काढला. बाबारावांनी डीपीवरून लाइन सोडली. घरातून मशीनची घरघर ऐकू आली.

सिंधूताई पाण्याचा गडवा घेऊन आल्या.

"तुयी माय कुठं राहते वं?"

"काटोलले."

"तिले आजचं सांगू नको, बाई."

दीक्षानं गडवा एका दमात रिकामा केला, बाहीनं तोंड पुसलं.

"सांगीन, काकू," ती म्हणाली. "मी कशी चढतो, ते तिले माहीत पाहिजे."